पहिली सुरी वाकली की तुटली? गोम आहे ‘पाणी देण्यात’

मोबाईलवर व्हिडिओ बघून परसात चार विटांची भट्टी मांडणारी पोरं आता बऱ्याच गावांत दिसतात. भंगारातला तुकडा, कोळसा, हवेला जुना ब्लोअर आणि एक हातोडा. आठ-दहा दिवस ठोकाठोकी चालते, पातं दिसायला झकास होतं. मग सुकं लाकूड तासायला घेतलं की धार वळते, नाहीतर पात्याचे सरळ दोन तुकडे होतात. असं होतं तरी का?

धार वळली तर बहुधा माल चुकलेला असतो. बांधकामाच्या सळईत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास असतो. ती कितीही तापवून बुडवली तरी धार धरण्याइतकी कडक होत नाही. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात तो अर्ध्या टक्क्याच्या वर, जुन्या कानशीत त्याहून जास्त. ग्राइंडरला लावून बघितलं की फरक कळतो: सळईच्या ठिणग्या लांब, सरळ जातात, पाट्याच्या फुलबाजीसारख्या फुटतात. घासून झालेल्या पाट्यात बारीक चिरा असू शकतात, त्या आधी तपासाव्यात. जस्ताचा लेप असलेला पाइप किंवा पत्रा मात्र भट्टीत घालूच नये, त्याच्या धुराने माणूस आजारी पडतो.

ठोकण्याचं काम सरावाने जमतं. लोखंड नारिंगी असताना ठोकायचं, लाली मावळली की परत भट्टीत. गार लोखंडावर जोर काढला तर चिरा पडतात. पांढरं होऊन ठिणग्या उडू लागल्या तर ते जळालं, तेवढा भाग गेला.

खरी परीक्षा पुढे. लोहार ज्याला ‘पाणी देणं’ म्हणतात, त्यात पातं किती तापलं हे रंगावरून ओळखावं लागतं आणि भर उन्हात रंग फसवतो. म्हणून काम सावलीत करावं, हाताशी लोहचुंबक ठेवावं. साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटायचं थांबतं. त्यानंतर थोडंच आणखी तापवून पातं टोकाकडून सरळ बुडवायचं. नाव ‘पाणी’ असलं तरी कमानीच्या पाट्याला कोमट केलेलं खाद्यतेल बरं. पाण्यात एकदम गार झालं की बारीक ‘टिक’ असा आवाज येतो आणि पातं तडकतं. धार आधीच पातळ केली असेल तरी तेच होतं, म्हणून बुडवण्यापूर्वी ती साधारण दीड मिलिमीटर जाड ठेवतात. तेल पेट घेऊ शकतं. डबा पत्र्याचाच हवा, झाकण शेजारी हवं आणि पेटलेल्या तेलावर पाणी कधीच ओतू नये.

आता पात्यावर कानस घसरते. नवशिक्या इथेच खूश होऊन मूठ बसवतो आणि पातं तुटतं ते त्यामुळेच. या वेळी ते काचेइतकं ठिसूळ असतं, हातातून फरशीवर पडलं तरी तुटेल. ते घासून चकचकीत करायचं आणि तापलेल्या जाड लोखंडावर पाठीकडून हळूहळू शेकायचं. साधारण दोनशे अंशांना धारेवर गव्हाळ पिवळा रंग चढतो, तिथे थांबायचं. धार निळी झाली तर ती मऊ पडली. मग तापवून तेलात बुडवण्यापासून पुन्हा सगळं.

ग्राइंडरवर काम करताना चष्मा हवाच, तापलेला कण डोळ्यात गेला तर दवाखाना ठरलेला. ऐरण म्हणून रुळाचा तुकडा कुणी ‘आणून देतो’ म्हणालं तर नको म्हणावं. रेल्वेचा माल बेकायदा बाळगणं १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. जाड लोखंडी ठोकळ्यावर भागतं. आणि तलवार-खंजिराच्या नादाला लागू नये. घरकाम, शेतीकाम किंवा कारखान्याच्या वापराचं नसलेलं, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्र कायद्याच्या यादीत येतं. भाजी चिरायची चार-पाच इंची सुरी शिकायला पुरेशी आहे, आणि आठवडी बाजारात लोहार विळ्याला पाणी देत असेल तर तासभर तिथेच उभं राहून बघावं.