बार्बाडोस : चेक-आउटची घाई नको!

२९ जून २०२४. ब्रिजटाऊनचं केन्सिंग्टन ओव्हल मैदान. टीम इंडियाने साउथ आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटी वर्ल्ड कप उचलला, आपल्या रोहितने पिचवरची चिमूट तोंडात टाकली आणि बार्बाडोस हे नाव गल्लीगल्लीत पोचलं. मग आलं बेरिल चक्रीवादळ. एअरपोर्ट बंद! वर्ल्ड चॅम्पियन्स हॉटेलात अडकले आणि खास विमानाने ४ जुलैला दिल्लीत उतरले. सगळे म्हणत होते, 'बिच्चारे!' मला मात्र वाटत होतं, वादळ सोडलं तर मुक्काम लांबायला याहून झक्कास जागा नाही. कारण या बेटावर 'सात दिवस, सहा रात्री'वाल्या पॅकेजने भागत नाही. मी दोन वर्षांच्या सुट्ट्या साठवते आणि एकदम चार आठवडे जाते.

पाहायला तीन दिवस, राहायला महिना

बेट केवढं? साधारण ३४ किलोमीटर लांब, २३ किलोमीटर रुंद. म्हणजे आपल्या मुंबईहूनही लहान. तीन दिवसांत सगळे 'पॉइंट्स' उरकतात. पश्चिमेचा शांत, निळाशार समुद्र, पूर्वेला बाथशेबाच्या खडकांवर आदळणारा खवळलेला अटलांटिक, झालंच तर रम डिस्टिलरी. फोटो काढून झाले, आता काय? खरी मजा इथूनच सुरू होते.

दुसऱ्या आठवड्यात तुम्ही टॅक्सी सोडून 'झेडआर'मध्ये चढता. नंबरप्लेटवरच्या या दोन अक्षरांवरूनच त्या पांढऱ्या व्हॅनला हे नाव पडलंय. दाटीवाटीने बसलेली माणसं, फुल्ल आवाजात गाणी आणि दारातून पॅसेंजर गोळा करणारा कंडक्टर. आपल्याकडच्या वडापची हमखास आठवण येते! फक्त चढताना 'गुड मॉर्निंग' म्हणायचं. न बोलता आत शिरणं इथे उद्धटपणाचं समजतात. तिसऱ्या आठवड्यात तेच लोक आपणहून तुम्हाला 'गुड मॉर्निंग' म्हणतात. या एका गोष्टीसाठी मी विमानाचे एवढे पैसे मोजते.

पहाटे लवकर उठा. कार्लाइल बेवर रेसचे घोडे समुद्रात पोहायला आणतात. शेजारीच गावातली म्हातारी मंडळी पाण्यात उभी राहून निवांत गप्पा मारतात. इथे सगळे बीच पब्लिक आहेत. हॉटेल कितीही स्टार असो, वाळूवर हक्क सगळ्यांचा.

ताटात काय?

इथली नॅशनल डिश म्हणजे कू-कू आणि फ्लाइंग फिश. कू-कू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी एकत्र घोटून केलेला घट्ट गोळा. दिसायला आपल्या उकडीचा चुलतभाऊ! कोकणातल्यांना ओळखीचा नीरफणसही भेटतो, भाजलेला किंवा उकडलेला. शुक्रवारी रात्री ऑयस्टिन्सला भाजलेले मासे, संगीत आणि गर्दी. ही जत्रा चुकवायची नाही.

पण रोज बाहेर खाल्लंत तर महिन्याचं बजेट आठवड्यात संपेल. बरंचसं सामान बाहेरून येतं, त्यामुळे सुपरमार्केटचं बिल पाहून डोळे पांढरे होतात. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, हिशेब सोपा. उपायही सोपा. किचन असलेली खोली घ्या, शनिवारी चीपसाइड मार्केटमधून भाजी आणा, मासे थेट मच्छीमारांकडून घ्या. नळाचं पाणी बिनधास्त प्या. चुनखडीच्या दगडातून गाळून आलेलं असतं.

ऑफिसचं काय?

२०२०च्या जुलैमध्ये, कोविडच्या काळात, बार्बाडोसने 'वेलकम स्टॅम्प' आणला. नोकरी बाहेरच्या कंपनीची, मुक्काम इथे, बारा महिने! सुरू झाला तेव्हा एकट्यासाठी फी २००० अमेरिकन डॉलर, कुटुंबासाठी ३०००, आणि अट वर्षाला ५०,००० डॉलर उत्पन्नाची. पगाराची स्लिप आठवून घाम फुटला ना? शिवाय घड्याळ साडेनऊ तास मागे. आपलं दहा ते सहाचं ऑफिस म्हणजे तिथे रात्री साडेबारा ते सकाळी साडेआठ. कॉल सेंटरवाल्यांना सवय असेल, बाकीच्यांनी माझ्यासारखी सरळ सुट्टीच टाकावी.

भारतातून थेट विमान नाही. लंडनमार्गे किंवा अमेरिकेमार्गे जायचं तर ट्रान्झिट व्हिसाचे नियम आधी बघा. मिलिटरी छापाचे कपडे घरीच ठेवा, बार्बाडोसमध्ये ते घालणं गुन्हा आहे. बीचवर लाल पट्टा मारलेल्या झाडापासून लांब राहा. ते मँचिनील, त्याचा चीक अंगावर पडला तर फोड येतात. पावसात आडोशालाही त्याखाली उभं राहू नका.

बेट म्हणजे फक्त बीच नव्हे

महिनाभर राहिलं की पोस्टकार्डाच्या मागची बाजूही दिसते. १६२७ पासून इंग्रजांनी इथे वसाहत केली. पुढे उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना राबवलं. १८१६ मध्ये बुसाच्या नावाने ओळखला जाणारा उठाव झाला. १९६६ मध्ये स्वातंत्र्य मिळालं, २०२१ मध्ये राणीला निरोप देऊन देश प्रजासत्ताक झाला. त्याच रात्री रिहानाला राष्ट्रीय हिरो जाहीर केलं. हे ठाऊक असलं की जुन्या मळ्यातल्या देखण्या बंगल्यापुढे पोझ देताना हात जरा थबकतो.

आणि बेरिल? आपली टीम सुखरूप परतली, पण त्या लाटांनी ब्रिजटाऊनच्या बंदरातल्या मासेमारीच्या बोटींची अक्षरशः मोडतोड केली. बोट गेली की घराचा चरितार्थ गेला. टुरिस्ट फ्लाइट बदलून निघून जातो, मच्छीमार कुठे जाणार? म्हणून माझा नियम आहे, खोली गावातल्या माणसाची, मासा ऑयस्टिन्सचा, भाजी मंडईतली. लांब मुक्कामाचा पैसा किमान इथल्या खिशात तरी राहावा.

क्रिकेटवेड्यांना आणखी एक कारण देते. रोहितच्या कितीतरी आधी, १९७१ मध्ये, आपल्या सुनील गावसकरांनी याच ओव्हलवर नाबाद ११७ धावा काढून कसोटी वाचवली होती. दिवसभर टिच्चून उभं राहण्याचं फळ! बार्बाडोसलाही असंच टिकून राहणारा पाहुणा आवडतो. डिसेंबर ते मे हा कोरडा सीझन. मग, बॉसशी कधी बोलताय?