सुमनची गोष्ट

बाळंतपण दवाखान्यात झालं, की आशाताई घरी येते ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. पाळणा लांबवण्याचा विषय तिनं थेट काढला तर बाळंतीण नुसती मान डोलावते आणि सासूबाई चहा ठेवायला उठतात. म्हणून गोष्ट सांगायची.

'त्या सुमनचं काय झालं, ठाऊक आहे?' सुमन अंगावर पाजत होती, पाळी आली नव्हती, त्यामुळे निर्धास्त होती. सातव्या महिन्यात बाळाला खिमट सुरू झालं, रात्रीचं पाजणं कमी झालं आणि पाळी न येताच पुन्हा दिवस गेले. इथं कोणीतरी हमखास अडवतं: 'पाळीच नव्हती, मग दिवस राहिले कसे?' याच प्रश्नासाठी गोष्ट रचलेली असते. बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त आईचं दूध आणि पाळी सुरू नाही, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच पाजण्यावर भरवसा ठेवायचा. या अटी पाठ होत नाहीत. सुमनचं खिमट लक्षात राहतं.

गोष्ट फसतेही. १९८४ साली दूरदर्शनवर 'हम लोग' ही मालिका सुरू झाली, तेव्हा कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका दाटला होता, की प्रेक्षक कंटाळले. तेरा भागांनंतर तो पातळ करावा लागला. त्या मालिकेतली मुकाट सोसणारी भागवंती इशारा म्हणून रंगवली होती, पण कित्येकांना तीच आदर्श गृहिणी वाटली! तेव्हा सुमनला सोशिक देवी करू नये. मेक्सिकोच्या मिगेल साबिदोनं मालिकांसाठी बसवलेली रीत इथं कामी येते: एक पात्र पटलेलं, एक विरोधातलं आणि मधे घुटमळणारं एक. ऐकणारी बाई त्या घुटमळणाऱ्या पात्रातच स्वतःला पाहते.

मग उपाय. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवता येते, नाहीतर सहा आठवड्यांनी. 'छाया' गोळी पाजणाऱ्या आईला चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढं एकदा. 'अंतरा' इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. पाजत असेल तर सहा आठवड्यांनंतर. इंजेक्शननं पाळी मागंपुढं होते, हेही सुमनच्या तोंडी घालावं. नाहीतर पहिल्याच महिन्यात शेजारणीची गोष्ट जिंकते.

शेवट मात्र सांगायचा नाही. आशाताई विचारते, 'सुमनच्या जागी तू असतीस तर घरात आधी कोणाशी बोलली असतीस?' कोणी नवऱ्याचं नाव घेते, कोणी जावेचं. पुढच्या खेपेला ती त्या जावेलाही शेजारी बसवून घेते.