‘हाय-हाय’ आणि ‘पोच’ : कारखान्याचे नियंत्रण मोबाइलवर येते तेव्हा

गेल्या भाऊबीजेला मी वडोदऱ्यातच बहिणीकडे जेवायला गेलो होतो. भाचा माझ्या पंक्तीला होता. शहराबाहेरच्या एका रासायनिक कारखान्यात तो इन्स्ट्रुमेंटेशन अभियंता आहे. वाढणे चालू असतानाच त्याचा मोबाइल वाजला. पडद्याकडे पाहून तो म्हणाला, “मामा, हाय आलाय. हाय-हाय व्हायच्या आत बघायला हवं.” मी साहित्याचा अध्यापक. ‘हाय हाय’ हा मला ठाऊक असलेला उद्गार शोकाचा. त्या रात्री त्याचा दुसरा अर्थ मी शिकलो.

कारखान्यात तापमान, दाब, टाकीतील पातळी सतत मोजली जाते. हे आकडे पीएलसी नावाच्या छोट्या, दणकट संगणकाकडे जातात. पंप चालू करणे, व्हॉल्व्ह उघडणे-मिटणे ही कामे तो आधी ठरवून दिलेल्या नियमांनुसार करतो. अशा अनेक पीएलसींची माहिती कंट्रोल रूममधल्या पडद्यावर एकत्र दाखवणाऱ्या व्यवस्थेला स्काडा म्हणतात. प्रत्येक आकड्याला सहसा चार मर्यादा आखलेल्या असतात : लो-लो, लो, हाय आणि हाय-हाय. ‘हाय’ म्हणजे लक्ष द्या. ‘हाय-हाय’ म्हणजे आता थांबता येणार नाही.

हा पडदा मोबाइलवर आणल्याने काय साधते? पूर्वी रात्री फोन यायचा, “साहेब, काहीतरी वाजतंय.” मग पाऊण तास गाडी हाकत कारखान्यात पोहोचायचे आणि कळायचे की एक तार सैल होती. आता तापमानाचा गेल्या दोन तासांचा आलेख हातात असतो. रेषा एकदम उडाली असेल तर बहुधा मोजणारे उपकरणच बिघडले आहे. हळूहळू चढत असेल तर थंड पाण्याचा प्रवाह कमी झाला असावा. हा भेद घरी बसून करता येतो. दुसरा लाभ कारखान्यातच मिळतो. पाइपांच्या गर्दीत व्हॉल्व्हजवळ उभा असलेला तंत्रज्ञ वॉकी-टॉकीवर ओरडून आकडा विचारत नाही, तो स्वतः पाहतो. आणि दूरच्या ओसाड जागेवरच्या पंपावर चोवीस तास माणूस बसवावा लागत नाही.

परंतु त्या रात्री जे घडले ते या लाभांच्या यादीत बसत नाही. इशारा आल्यावर भाच्याने सवयीने ‘ॲक्नॉलेज’ ही कळ दाबली आणि तो आलेख पाहू लागला. तापमान हळूहळू चढत होते. त्याने कंट्रोल रूमला फोन लावला. तो काही मिनिटे लागेना. तिकडे कळ दाबताच भोंगा थांबला होता, पडद्यावर साहेबांचे नाव उमटले होते. ऑपरेटरला वाटले, साहेब पाहताहेत. साहेबांना वाटत होते, ऑपरेटर पाहतो आहे. मधल्या वेळात कोणीच पाहत नव्हते. शेवटी ‘हाय-हाय’ आला आणि स्वतंत्र सुरक्षा-यंत्रणेने रसायनाचा पुरवठा आपोआप बंद केला. माणसांना इजा झाली नाही, माल मात्र वाया गेला. भाचा पानावर परत बसला नाही.

मला यात भाषेचा दोष दिसतो. ‘ॲक्नॉलेज’ला कचेरीच्या मराठीत ‘पोच’ हा नेमका शब्द आहे. अर्जाची पोच मिळाली म्हणजे अर्ज मंजूर झाला असे आपल्याकडे कोणी समजत नाही. पडद्यावर ‘पोच’ असे लिहिले असते तर सगळेच टळले असते असे मी म्हणणार नाही. पण ‘पाहिले’ आणि ‘पाहतो आहे’ यांतला फरक डोळ्यांसमोर राहिला असता. सयाजीराव महाराजांच्या बडोद्याने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा प्रशासकीय संज्ञांचा बहुभाषी कोश काढला. कारभार ज्या लोकांचा, त्यांच्या भाषेत तो कळावा, ही त्यामागची दृष्टी रात्रपाळीच्या ऑपरेटरलाही लागू पडते.

दुसरा भेद ‘पाहणे’ आणि ‘हात घालणे’ यांतला. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी चोरलेल्या परवलीच्या शब्दांनी वीज-वितरण कंपन्यांच्या नियंत्रण-यंत्रणेत दुरून प्रवेश केला. कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण हलत होता आणि उपकेंद्रे बंद होत होती. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. माणसांनी उपकेंद्रांवर जाऊन हाताने ती सुरू केली. म्हणून जाणते अभियंते मोबाइल थेट पीएलसीला जोडत नाहीत. मधे एक वेगळा सर्व्हर ठेवतात, दुहेरी ओळख मागतात आणि मोबाइलला शक्यतो फक्त पाहण्याची मुभा देतात. ‘हाय-हाय’ला धावून येणारी सुरक्षा-यंत्रणा तर या सगळ्यापासून अलगच ठेवायची असते.

भाच्याच्या कारखान्याने त्यानंतर एक नियम केला : मोबाइलवर इशारा दिसेल, पण पोच कंट्रोल रूममधूनच द्यायची, आणि ज्याने ती दिली त्याने काय केले तेही नोंदवायचे. परवा तो माझ्याकडे आला तो कागद घेऊन. त्यावर चाळीसएक इशारे इंग्रजीत होते. म्हणाला, “मामा, रात्रपाळीच्या माणसाला झोपेतही कळतील असे शब्द द्या.” आम्ही सध्या अकराव्या इशाऱ्यावर अडलो आहोत.