पाचारण फक्त पाळकाला?

पेण-रोह्यासारख्या तालुक्यांत ख्रिस्ती घरे थोडी. मंडळी लहान असली की तिथे एक समज लवकर मूळ धरतो: देवाचे पाचारण पाळकाला झालेले असते, आपण रविवारी उपासनेला जायचे, दान टाकायचे आणि सेवेचे काम त्यांच्यावर सोपवायचे. हा समज नम्रतेसारखा दिसतो, म्हणून तो कोणी खोडून काढत नाही. नव्या कराराला मात्र तो मान्य नाही. पेत्राचे पहिले पत्र याजकपण साऱ्या विश्वासणाऱ्यांना देते. इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय पाळक आणि शिक्षक कशासाठी नेमले तेही सांगतो: पवित्र जनांना सेवेसाठी तयार करायला. म्हणजे सेवा करायची ती मंडळीने, आणि पाळकाने त्यांना त्यासाठी घडवायचे. आपण नेमके उलटे धरून बसलो आहोत. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातला तपशील तर फार बोलका आहे. छळ सुरू झाला तेव्हा प्रेषित यरुशलेमेतच राहिले. यहूदीया-शोमरोनात सुवार्ता पोचवली ती घरेदारे सोडून पांगलेल्या इतर शिष्यांनी.

हा विचार फक्त प्रॉटेस्टंटांचा, असेही काहींना वाटते. मार्टिन ल्यूथरने 1520 मध्ये तो जोरकसपणे मांडला हे खरे. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये सामान्य विश्वासणाऱ्यांच्या सेवाकार्यावर स्वतंत्र दस्तऐवज मंजूर केला आणि त्या सेवेचा आधार बाप्तिस्म्यात आहे असे स्पष्ट केले. आणि श्रद्धा टिकायला दीक्षित पुरोहित सदैव हाताशी हवाच असे वाटत असेल, तर आपल्याच जिल्ह्याकडे पाहावे. पेणकर, रोहेकर ही आडनावे लावणाऱ्या बेने इस्रायल या ज्यू समाजाला शतकानुशतके रब्बी नव्हते. तेलाचे घाणे चालवणाऱ्या या कुटुंबांनी शनिवारी काम बंद ठेवले, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. त्यांचा धर्म वेगळा आहे. पण घराघराने जपलेली श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या तग धरते, याचा याहून जवळचा पुरावा कुठला?

मराठी ख्रिस्ती परंपरेचाही निर्वाळा हाच आहे. पंडिता रमाबाईंना कोणी पाळकपदाची दीक्षा दिली नव्हती. तरी 1889 मध्ये शारदा सदन त्यांनी काढले, केडगावला मुक्ती मिशन उभारले आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर एकहाती केले. ते 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. त्याची जुळणी आणि छपाई मुक्तीतल्या स्त्रियांनी केली. खिळे जुळवणाऱ्या त्या हातांना सेवा म्हणायचे नसेल तर आपल्या व्याख्येतच खोट आहे. लक्ष्मीबाई टिळकांनीही कुठलेही पद नसताना, पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पूर्ण केले. आणि खुद्द त्यांचे पती नारायण वामन टिळक? त्यांनी 1917 मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांच्या बंधुसंघाची कल्पना पुढे आणली. पगार सुटला, पाचारण सुटले नाही.

यावर एक गैरसमज चटकन उभा राहतो: म्हणजे प्रत्येकाने कामाच्या जागी प्रवचन करत सुटायचे का? नाही. तंबू शिवून पोट भरणाऱ्या पौलाचे शिवणकाम हे काही प्रचाराचे निमित्त नव्हते. कोणावर आपला भार पडू नये म्हणून तो राबत होता. चोख काम हीदेखील सेवा असू शकते. 2010 मध्ये पेण अर्बन बँकेचे व्यवहार थांबले आणि हजारो ठेवीदारांचे कष्टाचे पैसे अडकले. त्या पेणकरांना चोख हिशेब ठेवणे ही सेवा कशी, हे समजावून सांगावे लागणार नाही. धाटावच्या एमआयडीसीत सांडपाणी कुंडलिका नदीत जाण्याआधी त्याची तपासणी प्रामाणिकपणे नोंदवणारा कामगार काठावरच्या गावांची सेवा करतो. परिचारिका, शिक्षिका, एसटीचा वाहक यांचेही तसेच. मात्र केवळ नोकरी करतो म्हणून ती आपोआप सेवा ठरत नाही. ती शेजाऱ्याच्या भल्यासाठी आणि देवासमोर जबाबदारीने करावी लागते. एवढी अट मी आग्रहाने घालीन.

अधिक गंभीर आक्षेप असा की, सगळेच सेवक झाले तर पाळक कशाला, आणि चुकीच्या शिकवणीला आवर कोण घालणार? भीती रास्त आहे. कृपादाने वेगवेगळी आहेत हे पौलच सांगतो. शिकवण्याची, संस्कारविधींची आणि मंडळी सांभाळण्याची जबाबदारी पारखून, शिकवून सोपवलेली बरी. त्यामुळे पाळकाचे काम कमी होत नाही, उलट अवघड होते, कारण इतरांना घडवणे हे स्वतः सगळे उरकण्यापेक्षा कष्टाचे असते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या सिनॉडमध्ये बिशप आणि पाळकांबरोबर अदीक्षित प्रतिनिधी बसतात; निर्णयात त्यांचा वाटा मान्य झालेला आहे. तोच वाटा रुग्णाला भेटायला जाण्यात, संडेस्कूल चालवण्यात, शोकात असलेल्या घरी बसण्यात द्यायला हवा, आणि त्यासाठी लागणारे शिक्षणही. नव्या पाळकासाठी आपण वेदीसमोर उभे राहून प्रार्थना करतो. नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेसाठी किंवा तलाठ्यासाठी तशीच प्रार्थना त्याच उपासनेत करायला कुठलाही धर्मसिद्धांत आड येत नाही.