उद्यानांतील ताम्हणाची लागवड

उद्यानांत अथवा मोठ्या बागेंत शोभेसाठीं झाड लावावयाचें म्हटलें म्हणजे बहुतेकांस गुलमोहर आठवतो. तो मूळचा मादागास्कर बेटांतला. तो झपाट्यानें वाढतो खरा, परंतु त्याचीं मुळें वरवर पसरतात व वादळांत फांद्या मोडतात. आपल्या कोंकणांतील ताम्हण मात्र सहसा आठवत नाहीं. महाराष्ट्राचें राज्यपुष्प तें ह्याच वृक्षाचें.

ताम्हण लावूनही झाड खुजें राहिलें व फुलें थोडीं आलीं, अशी तक्रार कधीं कधीं ऐकूं येते. हा दोष बहुधा झाडाचा नसून जागेचा असतो. ताम्हण हा नदी-ओढ्यांच्या कांठचा वृक्ष आहे. त्यास खोल, ओल धरणारी गाळाची जमीन मानवते. माळावरील मुरमाड जमिनींत पाण्यावांचून तो कसाबसा जगतो. म्हणून तळ्याचा कांठ, पाटाची कड अथवा बागेंतील सखल भाग त्यास द्यावा. ऊन मात्र भरपूर असावें. दाट सावलींत फुलोरा चांगला येत नाहीं.

बोंडें हिवाळ्यांत पिकून उकलतात. बीं हलकें व पंखाचें असल्यामुळें वाऱ्यानें उडून जातें. यास्तव बोंडें तडकण्यापूर्वींच काढून उन्हांत वाळवावीं. उन्हाळ्याच्या आरंभीं वाळू मिसळलेल्या वाफ्यांत बीं पेरून वर मातीचा पातळ थर द्यावा व झारीनें पाणी घालावें. सर्व बीं उगवत नाहीं, म्हणून पेरणी दाट करावी. रोपें वर्षभर वाफ्यांत वाढवून पुढील पावसाळ्याच्या आरंभीं कायम जागीं लावावीं.

खड्डा 3 फूट लांब, रुंद व खोल घेऊन त्यांत गाळाची माती व कुजलेलें शेणखत भरावें. दोन झाडांत 25 फुटांचें अंतर ठेवावें. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी चुकवूं नये, व गुरांपासून रक्षणार्थ कुंपण करावें.

फुलांचे तुरे नव्या फांद्यांच्या शेंड्यांवर येतात. तेव्हां वाळलेल्या व आडव्यातिडव्या फांद्या पानें गळलेलीं असतांनाच काढाव्या. पालवी फुटल्यावर छाटणी केल्यास त्या वर्षींचा बहर बहुतांशीं गेलाच म्हणून समजावें.

एप्रिलपासून जूनपर्यंत जांभळट गुलाबी फुलांनीं झाड भरून जातें. शोभेखेरीज त्याचें लांकूडही पाण्यांत टिकाऊ असून होड्यांच्या व गाड्यांच्या कामीं येतें. तरी उद्यानासाठीं झाडें निवडतांना प्रथम जमीन व पाणी पाहावें, आणि एखादा ओलसर कोपरा असल्यास तो ताम्हणाकरितां राखून ठेवावा.