सेरिफ फॉन्टमध्ये पानं-फुलं कशी उतरतात? रोमच्या दगडापासून मोबाईलच्या स्क्रीनपर्यंत

फोनवर एखादं इंग्रजी ई-बुक उघडा आणि अक्षरं झूम करून बघा. बऱ्याचदा अक्षरांच्या टोकांना बारीक पाय फुटलेले दिसतील. या पायांना सेरिफ म्हणतात. चॅट ॲपमधल्या अक्षरांना ते सहसा नसतात, म्हणून ती सॅन्स सेरिफ. 'सॅन्स' म्हणजे 'शिवाय'.

आता समजा, तुम्हाला स्वतःचा सेरिफ टाइपफेस बनवायचा आहे. अक्षरं जुन्या शिलालेखासारखी भारदस्त हवीत, आणि त्यांत वेल-पानांचा डौलही हवा. कागदावर हे छानच दिसतं. पण तोच फॉन्ट ५ इंची स्क्रीनवर, बसमध्ये हलता हलता वाचता येईल का? खरी परीक्षा तिथे आहे. म्हणून आज आपण या कामामागची कला आणि गणित, दोन्ही बघू.

टाइपफेस आणि फॉन्ट: फरक काय?

बोलताना आपण दोन्हीला फॉन्टच म्हणतो. पण टाइपफेस म्हणजे अक्षरांचं डिझाईन, आणि फॉन्ट म्हणजे ते डिझाईन ज्या फाईलमधून फोनमध्ये येतं ती फाईल. ॲपचं डिझाईन वेगळं आणि इन्स्टॉल होणारी एपीके फाईल वेगळी, तसंच हे.

सेरिफ आला कुठून?

रोममध्ये सम्राट ट्राजनचा स्तंभ आहे, इसवी सन ११३ चा. त्याच्या पायथ्याशी कोरलेला लेख आजही कॅपिटल अक्षरांचा आदर्श मानला जातो. १९८९ मध्ये ॲडोबीच्या कॅरल ट्वॉम्ब्ली यांनी त्यावरून 'ट्राजन' हा टाइपफेस केला. 'टायटॅनिक'च्या पोस्टरवरची अक्षरं त्याचीच.

एक गंमत म्हणजे मूळ लेखात एच, के, वाय, झेड ही अक्षरं आलेलीच नाहीत. जे, यू आणि डब्ल्यू तर त्या काळी वेगळी अक्षरं म्हणून नव्हतीच. म्हणजे डिझायनरने नुसती नक्कल करायची म्हटली तरी ती पूर्ण होत नाही. उरलेली अक्षरं त्याच स्वभावाची कशी दिसतील, हे त्यालाच ठरवावं लागतं.

मग हे पाय दगडावर का आले? पूर्वी समज होता की छिन्नीमुळे. एडवर्ड कॅटिच हे अमेरिकन धर्मगुरू स्वतः पाट्या रंगवायचं काम केलेले. त्यांनी १९६८ च्या पुस्तकात वेगळं स्पष्टीकरण मांडलं: कोरण्याआधी अक्षरं चपट्या ब्रशने दगडावर रंगवली जायची, आणि रेघ सुरू करताना व संपवताना ब्रश वळवला की टोकाला असा पाय तयार होतो. थोडक्यात, सेरिफ हा हाताच्या हालचालीचा ठसा आहे.

आणि पानं? रोमन शिलालेखांत दोन शब्दांच्या मध्ये कधीकधी आयव्ही वेलीचं छोटं पान कोरलेलं असायचं. पुढे छापखान्यांत तेच पान सजावटीचा खिळा म्हणून वापरात आलं. आज ते युनिकोडमध्येही आहे: ❦. म्हणजे अक्षर आणि पान यांची सोबत जुनीच आहे.

विल्यम मॉरिसने काय केलं?

आपल्या विषयाचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे विल्यम मॉरिस. विलोच्या फांद्या आणि वेलींच्या नक्षीचे वॉलपेपर, कापड यांसाठी हा इंग्रज डिझायनर प्रसिद्ध होता. १८९१ मध्ये त्याने लंडनच्या हॅमरस्मिथ भागात केल्म्सकॉट प्रेस सुरू केली आणि तिच्यासाठी 'गोल्डन टाइप' तयार केला.

त्याच्यासमोर नमुना होता निकोलस जेन्सनच्या छपाईचा. जेन्सनने १४७० मध्ये व्हेनिसमध्ये वापरलेली रोमन अक्षरं आजही सुंदर मानली जातात. मॉरिसने त्या जुन्या पानांचे फोटो मोठे करून घेतले आणि अक्षरं पुन्हा पुन्हा गिरवली. वळण हातात बसल्यावर मात्र नमुना बाजूला ठेवून स्वतःची अक्षरं काढली. ती जेन्सनपेक्षा जाड आणि काळीभोर झाली.

आता त्याची पुस्तकं नीट बघा. समासात वेली आहेत, मोठ्या आद्याक्षरांमागे पानांची दाटी आहे. पण मजकुराच्या बारीक अक्षरांवर एकही पान नाही! आयुष्यभर पानं-फुलं काढलेल्या माणसाने वाचायच्या अक्षरावर ती चिकटवली नाहीत.

मग झाड अक्षरात उतरवायचं कसं?

पान अक्षरावर चिकटवायचं नाही. झाड वाढतं कसं ते बघायचं आणि तो नियम अक्षराला लावायचा. उदाहरणार्थ:

• खोड: अक्षराच्या मुख्य उभ्या रेघेला इंग्रजीत स्टेम, म्हणजे खोडच म्हणतात. झाडाचं खोड जमिनीपाशी थोडं पसरतं. तशी रेघ मध्ये किंचित बारीक ठेवून टोकाकडे पसरवली, की सेरिफ आतूनच उगवल्यासारखा वाटतो.

• फांदी: छोट्या एन अक्षराची कमान उभ्या रेघेतून फुटते. ती फुटते तिथे बारीक आणि पुढे जाड केली की डहाळीसारखी दिसते.

• कळी: छोट्या ए, सी, आर यांच्या टोकांना थेंबासारखा किंवा कळीसारखा आकार देता येतो.

• पान: पानाची दोन अंगं कधी तंतोतंत सारखी नसतात. सेरिफची डावी-उजवी बाजूही थोडी वेगळी ठेवली, तर अक्षर यंत्राने छापल्यासारखं कोरडं वाटत नाही.

आता पिक्सेलचा हिशोब

फॉन्टमधलं प्रत्येक अक्षर एका काल्पनिक चौकटीत काढतात. अनेक फॉन्टमध्ये तिची उंची १००० युनिट असते. ३ पट डेन्सिटीच्या फोनवर १६ साइझचा मजकूर दाखवताना ही चौकट ४८ पिक्सेलमध्ये बसते. म्हणजे १ पिक्सेलमध्ये जवळपास २१ युनिट.

तुम्ही सेरिफवर पानाची ८ युनिट जाडीची शीर काढली, तर स्क्रीनवर तिच्या वाट्याला अर्धा पिक्सेलही येत नाही. शीर दिसत नाहीच, उलट कड धुरकट होते. तेच अक्षर ६४ साइझच्या हेडिंगमध्ये घ्या. आता चौकट १९२ पिक्सेलची, म्हणजे तीच शीर दीड पिक्सेलची होते आणि दिसू लागते.

म्हणून नक्षी मोठ्या आकारासाठी, साधेपणा छोट्या आकारासाठी. मॉरिसने आद्याक्षरं आणि मजकूर वेगळे ठेवले, त्यात हेच शहाणपण होतं. २०१६ मध्ये आलेल्या व्हेरिएबल फॉन्टमुळे आता हे एकाच फाईलमध्ये जमतं. त्यात 'ऑप्टिकल साइझ' नावाचा अक्ष ठेवता येतो. अक्षर मोठं झालं की पाकळ्या टोकदार होतात, लहान झालं की बारीक रेघा आपोआप जाड होतात.

सॉफ्टवेअरमध्ये काय करावं लागतं?

आधी कागदावर स्केच, मग त्याचे बेझिए वक्र. हँडल ओढलं की वक्र वाकतो आणि आतलं गणित सॉफ्टवेअर करतं. बिंदू जितके कमी, तितका वक्र गुळगुळीत. पान काढताना ढीगभर बिंदू टाकायचा मोह होतो, तो टाळायचा.

गोल ओ हा सपाट एचइतकाच उंच काढला तर डोळ्याला छोटा दिसतो. म्हणून तो वर-खाली साधारण १ ते २ टक्के बाहेर काढतात. याला ओव्हरशूट म्हणतात. इथे मोजपट्टीपेक्षा डोळा बरोबर असतो.

शेवटी स्पेसिंग. सगळ्या ए टू झेड जोड्या एकदम तपासत बसत नाहीत. आधी छोटे एन आणि ओ यांच्यामधली जागा पक्की करतात, मग त्यावरून बाकीच्या अक्षरांची ठरवतात. ए आणि व्ही अशा अवघड जोड्यांसाठी वेगळं कर्निंग करतात. अक्षरं कितीही देखणी असोत, जागा चुकली की वाचणारा अडखळतो.

हेच देवनागरीत चालेल?

जसंच्या तसं नाही. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकतं. त्याला खाली रोमन पाय जोडले तर ते उसन्या बुटांसारखे दिसतात. आपल्या अक्षरांची जाडी-बारीकी बोरूच्या तिरक्या कापातून आली, आणि तो काप लॅटिन निबच्या उलट दिशेने तिरका असतो. बोरू स्वतःच एक वनस्पती! म्हणजे देवनागरीत झाड आधीपासूनच आहे, लेखणीच्या रूपात. विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट करणारे प्रा. र. कृ. जोशी स्वतः सुलेखनकार होते, हे इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

करून बघायचं असेल तर

लॅपटॉपवर फाँटफोर्ज हे मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर घ्या. अभ्यासासाठी गूगल फॉन्ट्सवरचा 'सिंझेल' डाउनलोड करा. तो रोमन शिलालेखांवरूनच बनवलेला आहे आणि ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतो. म्हणजे तो उघडून बदलता येतो, पण बदललेला फॉन्टही त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो आणि नुसता फॉन्ट विकता येत नाही.

सुरुवातीला चारच अक्षरं करा: छोटे एन, ओ, आय आणि ए. त्यांचे शब्द जुळवून फोनवर १६ साइझला बघा. मग फोन हातभर लांब धरा. शब्द लगेच वाचता आला, तर पुढचं अक्षर काढायला घ्या. आधी नक्षीच नजरेत भरली, तर ती हेडिंगसाठी राखून ठेवा.