धावपट्टा आणि घड्याळाचा हिशेब

मैदानावर धावणारा मनुष्य मिनिटांची भाषा बोलतो. किलोमीटर किती मिनिटांत कापला, हे तो सांगतो. ट्रेडमिलचा फिरता पट्टा मात्र ताशी किलोमीटरची भाषा जाणतो. शिक्षकाने दिलेला सराव मिनिटांत असतो आणि यंत्रावरचा आकडा वेगाचा. या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम ६० हा अंक करतो. साठास वेगाने भागले की एका किलोमीटरास लागणारी मिनिटे मिळतात. साठास मिनिटांनी भागले की वेग मिळतो.

हिशेब सोपा खरा, परंतु त्यात एक खाचखळगा आहे. ताशी ११ किलोमीटर वेग ठेवला तर ६० भागिले ११, म्हणजे ५.४५ मिनिटे. कित्येकजण हे ५ मिनिटे ४५ सेकंद असे वाचतात. दशांश चिन्हापुढील भाग मिनिटाचा शंभरावा हिस्सा दाखवितो, सेकंद नव्हे. खरे उत्तर ५ मिनिटे २७ सेकंद. ज्यास ५ मिनिटे ४५ सेकंदांची चाल सांगितली आहे, त्याने यंत्र १०.४ वर ठेवावयास हवे. तो ११ वर ठेवतो, तिसऱ्या फेरीतच त्यास धाप लागते आणि बिचारा आपल्या वयास दोष देतो!

दुसरी गोष्ट याहून नवलाची. वेग ८ वरून ९ केला की किलोमीटरमागे ५० सेकंद वाचतात. १५ वरून १६ केला तर अवघे १५. बटण तेच, परंतु नवशिक्यास त्याचा हिसका मोठा बसतो. त्याने वेग दशांशानेच वाढवावा, हे उत्तम.

अशा काटेकोर हिशेबाचे मोल रॉजर बॅनिस्टर या इंग्रज धावपटूच्या सरावात स्पष्ट दिसते. तो वैद्यकाचा विद्यार्थी होता आणि ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत ट्रेडमिलवर माणसे धाववून त्याने श्वसनाचा अभ्यासही केला होता. १९५३ च्या डिसेंबरात त्याने पाव मैलाच्या दहा फेऱ्यांचा क्रम आरंभिला. प्रत्येक फेरीस ६६ सेकंद आणि दोन फेऱ्यांमध्ये दोन मिनिटे विसावा. एप्रिलपर्यंत फेरी ६१ सेकंदांवर आली आणि तेथेच अडली. तेव्हा तो ख्रिस ब्रॅशर या सहकाऱ्याबरोबर काही दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत चढाईस निघून गेला. परतल्यावर फेरी ५९ सेकंदांत होऊ लागली. ६ मे १९५४ रोजी त्याने एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पुरा केला. चार मिनिटांत मैल म्हणजे ताशी २४.१४ किलोमीटर. घरगुती यंत्रांपैकी पुष्कळशी १६ किंवा २० वरच थांबतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या वेगाची कल्पना येईल.

त्याने विसाव्याचा काळ बदलला नाही, हे येथे विशेष महत्त्वाचे. विसावा तोच, अंतर तेच. म्हणून सेकंद घटले की प्रगती झाली असे निःशंकपणे म्हणता येत होते.

आपल्यासारख्यांनी ४०० मीटरच्या सहा फेऱ्या घ्याव्यात. मीटरांस ३.६ ने गुणून वेगाने भागले की सेकंद निघतात. वेग १२ असेल तर फेरी १२० सेकंदांची. मध्ये दोन मिनिटे ताशी ६ ने चालावे. तेवढ्यात २०० मीटर होतात. सहा फेऱ्या व पाच विसावे मिळून २२ मिनिटे आणि ३.४ किलोमीटर. १२ आणि ६ यांची सरासरी ९ असे मानू नये. या सरावाची सरासरी ताशी ९.२७ येते, कारण धावणे विसाव्याहून एका पाळीने अधिक आहे.

पट्टा ६ वरून १२ वर येण्यास काही सेकंद घेतो. म्हणून आकडा १२ वर स्थिरावल्यावरच घड्याळ सुरू करावे. नाहीतर फेरीचा आरंभ सावकाश चालीत जातो. ट्रेडमिलवर समोरून वारा कापावा लागत नाही, त्यामुळे श्रम किंचित कमी पडतात. इंग्लंडमध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पट्ट्यास एक टक्का चढ दिला म्हणजे हे श्रम बाहेरील सपाट रस्त्यावरील धावेशी जुळतात, असे आढळले. ही गोष्ट ताशी साडेदहा ते अठरा किलोमीटर वेगाची. त्याहून हळू धावणाऱ्याने या चढाची फारशी चिंता करू नये. हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र वेगाच्या फेऱ्यांस हात घालण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सहाही फेऱ्या सारख्या दमाने होऊ लागल्या की विसावा तसाच ठेवून वेग १२ वरून १२.२ करावा. फेरी १२० वरून ११८ सेकंदांवर येईल.